ओला फर्मा

मॅलकी टूही छापता छापता मेला आणि त्याच्या बहिणीनं खिडकी उघडू दिली नाही. आमच्या गावात, किलफार्नात, कुणालाही विचारा, तो गोष्ट इथूनच सुरू करील. छापखाना कुणी काढला, तिथं कुठल्या कुठल्या कवींची पुस्तकं निघाली, डब्लिनच्या शहाण्यांनी त्यांची केवढी वाखाणणी केली, हे सगळं मागाहून. आधी खिडकी.

आमच्याकडे माणूस गेला की पहिलं काम तेच असतं. फादरला निरोप, डॉक्टरला निरोप, घड्याळ थांबवणं, आरशावर चादर टाकणं, ही कामं नंतरची. आधी त्या खोलीची खिडकी उघडायची, म्हणजे जाणाऱ्याला वाट मिळते. खिडकी आणि मयत यांच्या मधे कुणी उभं राहायचं नाही. आणि थोड्या वेळानं ती आठवणीनं लावून घ्यायची, कारण उघडी राहिली तर गेलेला परत येतो. यात न कळण्यासारखं काय आहे? शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तर नोव्हेंबरातली सकाळ होती. हातयंत्राला दोन माणसं लागतात. एकानं जुळवलेल्या अक्षरांच्या खिळ्यांवर शाईचा रूळ फिरवायचा, दुसऱ्यानं वर कागद घालून दांडा ओढायचा. टूहींच्या छापखान्यात रूळ बहिणीचा, म्हणजे डीलियाचा, आणि दांडा मॅलकीचा, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. डीलियानं रूळ फिरवला आणि ती थांबली. मॅलकीनं कागद घातला होता, दांड्यावर मूठही आवळली होती, पण तो ओढत नव्हता.

"ओढ की," डीलिया म्हणाली. "शाई वाळायची वाट बघतोयस का?"

मॅलकी बोलला नाही. त्यात काही विशेष नव्हतं, बहिणीच्या बोलण्याला उत्तर द्यायची त्याची रीतच नव्हती. मग तो यंत्राच्या पायाशी हळूहळू खाली बसला, थकलेला माणूस बसतो तसा. मूठ मात्र दांड्यावरच राहिली. ती डीलियाला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

समोरच्या घरातली पेग मॅरिनन धावत आली. तिनं मॅलकीच्या तोंडाशी हात धरून पाहिला, क्रुसाची खूण केली आणि सरळ खिडकीकडे गेली. कडीला हात घालते न घालते तोच डीलिया म्हणाली, "हात लावू नकोस. कागद सुकेल."

पेगला वाटलं, आपण भलतंच काही ऐकलं. पण डीलिया मधे येऊन उभी राहिली होती, हातात शाईचा रूळ, डोळे कोरडे. पेगचा नवरा क्रिस्टी गावचा पोस्टमन, तो दाराशी टोपी काढून उभा होता. त्यानं बायकोला डोळ्यांनीच खुणावलं, राहू दे. मग दोघांनी मिळून मॅलकीला उचललं आणि अंगण ओलांडून घरात नेऊन त्याच्या पलंगावर ठेवलं. तिथली खिडकी पेगनं उघडली, पण तोंड वाकडं करूनच. "माणूस जिथं प्राण सोडतो तिथूनच निघतो," ती क्रिस्टीला म्हणाली. "इथली उघडून काय उपयोग? इथं तो आहेच कुठं?"

डीलियाला दोष देणं सोपं आहे, गावानं तो पोटभर दिला. पण त्या खोलीत जो कधी कामाला उभा राहिलाय त्याला विचारा. हातयंत्रावर कागद कोरडा छापत नाहीत. आदल्या दिवशी भिजवायचा, मेणकापडात गुंडाळून वर वजन ठेवायचं, म्हणजे तो सारखा दमट होतो आणि शाई पोटात घेतो. अशा कागदाला समुद्रावरचा वारा लागला की कडा आधी सुकतात, कागद आक्रसतो, आणि पाठपोट छापलेल्या ओळी एकमेकींवर बसत नाहीत. म्हणून छापायच्या दिवशी खिडकी बंद. फटींत चिंध्या कोंबलेल्या, वर पुट्टी. बिशप आला तरी खिडकी उघडायची नाही, असं मॅलकी म्हणायचा, आणि एकदा बिशप आले तेव्हा खरंच उघडली नाही. बिचारे घाम पुसत बसले. "हात लावू नका, कागद सुकेल," हे वाक्य उभा जन्म मॅलकीचं होतं. त्या सकाळी ते डीलियाच्या तोंडून निघालं, एवढंच.

छापखाना म्हणजे त्यांच्या बापाची लोहारशाळा. बाप घोड्यांना नाल मारायचा. घोडे कमी झाले आणि बापही थकला. मॅलकी तेव्हा एनिस शहरातल्या एका वर्तमानपत्रात खिळे जुळवायला होता. तिथं नवी यंत्रं आली आणि जुनं लोखंडी हातयंत्र अंगणात टाकून दिलं. त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मॅलकीनं ते मागून घेतलं आणि गवताच्या गाडीतून घरी आणलं. बाप म्हणाला, "लोखंड गेलं तिथं लोखंड आलं, माझी हरकत नाही." आधी जत्रेच्या जाहिराती छापल्या, मयताची कार्डं छापली. मग एक कवी आला, त्याच्या मागून दुसरा. डब्लिनमध्ये ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं ते इथं येऊन डीलियाचा सोडा ब्रेड संपवायचे आणि समासाच्या रुंदीवरून मॅलकीशी भांडायचे. भांडणात मॅलकी एक शब्द बोलायचा नाही, आणि समास त्याला हवा तेवढाच राहायचा. पुस्तकं पातळ असत, निळ्या पुठ्ठ्याची, प्रती थोड्या. पण हातात घेतलं की पुन्हा खाली ठेवावंसं वाटत नसे.

आणि आता जे पुस्तक यंत्रावर होतं ते लूबीबाईंचं होतं.

सबीना लूबी म्हणजे गावच्या शाळेच्या मास्तरीण. मॅलकी आणि डीलिया, क्रिस्टी, पेग, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि छडीखालूनही. बाई जन्मभर कविता लिहीत होत्या आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत होत्या. कुणाला दाखवल्या नाहीत. मॅलकीला कसा सुगावा लागला देव जाणे, पण तो वर्षानुवर्षं रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर त्यांच्या दारात जाऊन टोपी हातात धरून उभा राहायचा. विचारायचा काही नाही, नुसता उभा. शेवटी बाई कंटाळल्या. "घे बाबा डबा," म्हणाल्या, "पण तुझ्याच हातचं हवं. आणि मी जिवंत असताना हवं. मेलेल्याच्या नावाचं पुस्तक मेलेला वाचत नाही."

तेव्हा बाई नव्वदीला टेकल्या होत्या. पुस्तकाचे सगळे फर्मे, घडी घालून ज्यांची पानं होतात ते ताव, छापून झाले, शेवटचा राहिला, आणि त्यावरच मॅलकी गेला.

बाकी कागद मेणकापडात दमट होऊन पडला होता. भिजवलेला कागद थांबत नाही, त्याला बुरशी धरते. म्हणून मॅलकीला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी डीलियानं यंत्र पुसलं आणि क्रिस्टीला बोलावलं. लोकांनी कपाळाला हात लावला. अजून शोकाचा चहा निवला नव्हता.

"मी टपाल वाटणारा माणूस," क्रिस्टी दांडा ओढताना धापा टाकत म्हणाला. "हा दांडा आहे की गाढव? जागचा हलत नाही."

"तो कधी असा कुरकुरला नाही."

"म्हणून तर मेला," क्रिस्टी म्हणाला, आणि घाईनं दांड्याकडे वळला. डीलिया मात्र हसली. मॅलकी गेल्यापासून पहिल्यांदा.

फर्मा पुरा झाला. कागद आढ्याखालच्या दोऱ्यांवर टांगले. आधीच्या फर्म्यांचे गठ्ठे सुकून कधीचेच कपाटात पडले होते. हेही आठवडाभरात सुकतील, मग घड्या घालायच्या, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक बाईंच्या हातात. लूबीबाई तोवर अंथरुणाला लागल्या होत्या आणि एनिसला म्हाताऱ्यांच्या इस्पितळात होत्या, पण डोकं शाबूत होतं. नाताळपर्यंत पोचवते, असा डीलियानं निरोप पाठवला.

कागद सुकले नाहीत.

आधी डीलियानं हवेला बोल लावला. मग शेगडी पेटवली, टर्फच्या, दलदलीतून कापून सुकवलेल्या मातीच्या, विटा रचून रचून खोली तापवली. भिंतींना घाम आला, कागद ओलेच. मॅलकीच्या महिन्याची मिस्सा झाली, नाताळ झाला, तरी बोट लावलं की गार ओल आणि शाई बोटाला. क्रिस्टीच्या सांगण्यावरून तिनं दोन-चार ताव घरात नेऊन स्वयंपाकाच्या चुलीशी टांगले. तिच्या मोज्यांतलं पाणी तिथं तासाभरात सुकायचं. कागद तसेच. आणि कपाटातले सुकलेले गठ्ठे काढून पाहिले तर तेही पुन्हा दमट झालेले.

"कागदच वाईट असेल," क्रिस्टी म्हणाला, पण दाराबाहेर उभा राहून. आताशा तो आत पाऊल टाकत नव्हता.

डीलियाला मात्र आत वेगळंच काही कळत होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. खुंटीवर मॅलकीचा ॲप्रन होता, शाईनं पुठ्ठ्यासारखा झालेला. तो छातीशी ओला होता, आत्ता काढून ठेवल्यासारखा. दोरीवरचे कागद ती संध्याकाळी एका बाजूनं टांगलेले सोडून जायची आणि सकाळी ते उलटून घातलेले असायचे. दोरीचा वळ पडू नये म्हणून मॅलकी ते रोज तसेच उलटायचा. आणि एकदा थंडीनं हात बधिर झाला म्हणून तिनं सहज यंत्राच्या दांड्याला धरलं. साऱ्या खोलीत लोखंड बर्फासारखं होतं, पण दांड्यावर जिथं मूठ येते तेवढीच जागा उबदार होती. तिनं हात काढला नाही. तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्या घरात दोघंच होती, लग्नं केली नाहीत, चाळीस वर्षं एकमेकांवर करवादत काढली. मॅलकी गेल्यावर घर तिला खायला उठलं होतं. आता ती जेवायचं ताट लोहारशाळेत आणायला लागली. उकडलेली कोबी, बटाटे, कधी बेकन, आणि एक खुर्ची यंत्राजवळ. त्याच्याशी बोलायची. कोण मेलं, कोण अमेरिकेला गेलं, नव्या फादरचा आवाज कसा किनरा आहे. उत्तर यायचं नाही, पण ते आधी तरी कुठं यायचं?

आणि शेगडी तिनं हळूहळू बंद केली. हे ध्यानात घ्या. कागद सुकावेत म्हणून धडपडणारी बाई आता शेगडीत विटा टाकेनाशी झाली.

ओल मात्र खोलीत थांबली नाही. आधी काड्यापेटी पेटेना. मग मिठाचा दगड झाला. ब्रेडला दुसऱ्या दिवशी हिरवे केस यायचे. तिचे कपडे पेटीतून काढले की अंगाला चिकटायचे, बाह्या मनगटाशी ओल्या, आणि छातीत खोकला बसला. लेंट, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, सुरू झाला तेव्हा पेगनं तिला चर्चमध्ये राख लावून परतताना पाहिलं. बाकी सगळ्यांच्या कपाळावर राख सुकी होती. डीलियाच्या कपाळावरची ओघळून भुवईत उतरली होती.

"तो तिला भिजवतोय," पेग घरी येऊन म्हणाली. "आज कागद, उद्या बहीण."

"तोंड आवर," क्रिस्टी म्हणाला. पण संध्याकाळी तो दारात आला आणि टोपी चोळत उभा राहिला. एनिसला टपालाच्या फेरीत तो बाईंकडे डोकावला होता. "निरोप आहे," तो म्हणाला. "शब्दशः सांगू?"

"सांग."

"'त्या टूहीच्या पोरीला म्हणावं, गृहपाठ कुठाय?'"

डीलिया दुसऱ्या दिवशी बसनं एनिसला गेली. बरोबर एक ताव घेतला, मेणकापडात गुंडाळून.

लूबीबाई उशांवर टेकून बसल्या होत्या. हाडांवर कातडं, आणि डोळे मात्र वर्गातलेच. डीलिया दाराशीच थबकली, सत्तरीला आलेली बाई शाळकरी पोरीसारखी.

"ये पुढं. उशिरा आलीस."

"बाई, कागद सुकत नाहीयेत."

"क्रिस्टी बोलला. आण इकडं."

ताव त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांच्याच कविता, मॅलकीनं जुळवलेल्या. बाईंनी अंगठा फिरवला तर शाई अंगठ्याला आली. मग कितीतरी वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"खिडकी उघडली नाहीस तू."

"कागद सुकला असता," डीलिया म्हणाली. आणि हे बोलताना तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती खुर्चीवर बसून रडायला लागली. रडता रडता तिनं सगळं सांगितलं. ॲप्रन, उलटलेले कागद, दांड्यावरची ऊब. "त्याला तिथं बरं वाटतंय, बाई. मलाही. तो आहे म्हणून मी जेवते. खिडकी उघडली तर मग मी कुणाशी बोलू?"

रडणाऱ्याला बाई वर्गातही कधी थोपटत नसत. रडून होईपर्यंत थांबायच्या.

"दांडा कुठं गरम लागतो म्हणालीस?"

"मुठीच्या जागी. तेवढाच."

"म्हणजे त्यानं तो सोडलेलाच नाही," बाई म्हणाल्या. "तुला ते बसायला, गप्पा मारायला आलेलं भूत वाटतंय का गं? नोव्हेंबरापासून तो तिथं उभा आहे. हातात दांडा, यंत्रावर कागद, आणि तू म्हणतेयस ओढ. त्यानं अर्धं काम टाकून कधी घरी पाऊल ठेवलंय? ना मरताना, ना मेल्यावर. तू त्याला जेवायला वाढत नाहीयेस, पोरी, कामावर ठेवलंयस."

मॅलकीच्या मुठीची बोटं सोडवताना लागलेला जोर डीलियाला पुन्हा बोटांत जाणवला. इतके महिने त्या उबेवर हात ठेवून ती बसत होती, आणि ती ऊब म्हणजे त्याचे कष्ट होते.

"आणि मी," बाई म्हणाल्या, "मी जास्त दिवस थांबू शकत नाही. हट्ट मला करता येतो, पण इथले डॉक्टर ऐकतील असं दिसत नाही."

परतीच्या बसमध्ये डीलियानं मांडीवरचा ताव उघडून पाहिला. तो तिच्या स्कर्टलाही ओल लावून बसला होता.

दुपार टळत होती. ती घरात न जाता तशीच लोहारशाळेत गेली, कोटसुद्धा काढला नाही. बापाची पटाशी घेतली आणि खिडकीवरची पुट्टी फोडायला लागली. मॅलकीनं वर्षानुवर्षं थरावर थर दिलेले. चिंध्या उपसल्या, त्याच्या जुन्या शर्टांच्या. तिच्या मागं सगळे कागद हलत होते आणि वारा अजून आत आला नव्हता. तिनं वळून पाहिलं नाही.

कडी गंजलेली होती. तिनं पटाशीनं ठोकून ती सैल केली.

"मॅलकी," ती म्हणाली, "कागद सुकू दे आता."

खिडकी उघडली तेव्हा समुद्राचा वारा तोंडावर आला. डीलिया खिडकी आणि यंत्र यांच्या मधोमध उभी होती. मधे उभं राहायचं नसतं हे तिला पक्कं माहीत होतं. पाय हलले नाहीत. आणि मग पाठीला, खांद्यापासून टाचेपर्यंत, ओल्या तावासारखं गार काहीतरी येऊन टेकलं आणि थांबलं. ढकललं नाही. मॅलकी कधीच ढकलत नसे. दारात टोपी घेऊन उभा राहायचा, समोरच्यानं बाजूला होईपर्यंत.

"बरं," डीलिया म्हणाली. "जा."

ती बाजूला झाली. वारा समुद्रावरून आत येत होता, पण दोऱ्यांवरचे सगळे ताव बाहेरच्या दिशेला उचलले गेले, आढ्यापर्यंत, आणि क्षणभर तसेच राहिले. मग ते खाली आले आणि वाऱ्यानं आतल्या बाजूला हलायला लागले, साध्या कागदांसारखे.

पेग रस्ता ओलांडून आली होती. तिनं खिडकी उघडलेली पाहिली आणि ती भिंतीशी, वाटेतून दूर, हात बांधून उभी राहिली.

"लाव आता," थोड्या वेळानं पेग हळूच म्हणाली.

"थोडा वेळ राहू दे."

"डीलिया, लाव. परत येईल तो."

"ते ठाऊक आहे मला," डीलिया म्हणाली.

पेगला ते कळलं. तिनं पुढं होऊन स्वतः खिडकी लावली असती तर कुणी तिला दोष दिला नसता, पण ती जागची हलली नाही. डीलिया खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिली, बाहेर बघत. मग तिनं आपल्या हातानं खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. त्यानंतर ती यंत्राकडे गेली आणि दांड्याला हात लावला. दांडा गार होता. ॲप्रन छातीशी कडकडीत सुका होता, चुरगाळला तर मोडेल असा.

त्या रात्री ती घरात, आपल्या बिछान्यात झोपली. कुणाशी बोलली नाही.

सकाळी ताव खडखडत होते, कपाटातले गठ्ठेही. तिनं घड्या घातल्या, शिवलं, निळा पुठ्ठा चढवला. हात जुनेच होते, काम येत होतं. मॅलकीनं दांडा ओढलेला शेवटचा ताव आणि क्रिस्टीनं ओढलेला पहिला, यांत फरक दिसत होता. क्रिस्टीचा छाप जरा उथळ. तिनं मॅलकीचा ताव निवडून बाईंच्या प्रतीत घातला. पहिली प्रत बांधून झाली तेव्हा पेजेची खळ अजून पुरती बसली नव्हती, पण क्रिस्टी दारात सायकल घेऊन उभा होता. बस चुकेल म्हणाला, मी सोडतो थांब्यापर्यंत, मागं बस. सत्तरीची बाई पोस्टमनच्या सायकलीवर मागं बसून गेली, आणि गावानं त्यावरही बोलून घेतलं.

लूबीबाई आता उशांवर बसलेल्या नव्हत्या, आडव्या होत्या. डीलियानं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी नाकाशी धरलं, मग गालाला लावलं. मग पान उघडून अंगठा ओळींवरून फिरवला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. अंगठा स्वच्छ होता.

"गेला?"

"गेला, बाई."

"वाच."

डीलियानं वाचलं. तिला कविता वाचता येत नसत, जन्मभर ती फक्त शाई लावत आली होती. बाईंनी दोनदा थांबवून उच्चार सुधारले. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा सुधारला नाही. डीलियानं वर पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते, ओठ तिच्यासोबत हलत होते, तिच्या थोडे पुढं.

"बाई, झोपा जरा. मी उद्या येते."

"पुस्तक पुरं कर," बाई म्हणाल्या. "आणि ती खिडकी."

डीलियानं पुस्तक खुणेसाठी बोट घालून मिटलं आणि उठली. खिडकी सोपी होती, एका हातानं उघडली. नर्स लगबगीनं आत आली आणि म्हणाली, "अहो, हे काय करताय? त्यांना गारठा लागेल."

"लागू दे," डीलिया म्हणाली. तिनं आपली खुर्ची उचलली आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवली. नर्स खिडकी आणि पलंगाच्या मधेच उभी होती. डीलियानं तिला दंडाला धरून हळूच बाजूला केलं. मग ती बसली, पान उघडलं, आणि जिथं थांबली होती तिथून वाचायला लागली.